गाडीचे दिवे घरच्या घरी कसे तपासावेत आणि कसे सेट करावेत

रात्री घोडबंदर रोडला किंवा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागलं की दोन तऱ्हेच्या गाड्या हमखास भेटतात. एकीचा हेडलाइट थेट डोळ्यांत घुसतो. दुसरीच्या पुढच्या पट्ट्या लखलखत असतात, पण मागून ती पूर्ण काळोखात असते. दोन्ही चालकांना बहुतेक वेळा याचा पत्ताच नसतो, कारण स्टिअरिंगमागे बसून आपले दिवे दिसत नाहीत. त्यासाठी खाली उतरावं लागतं. सोसायटीच्या पार्किंगमधली एक भिंत, मोजपट्टी, मास्किंग टेप, स्क्रूड्रायव्हर आणि एक जाड फडकं एवढ्यावर हे काम होतं. मल्टिमीटर असेल तर उत्तमच.

आधी डॅशबोर्ड ओळखा

निळं चिन्ह दिसत असेल तर अप्पर (हाय बीम, लांबचा झोत) चालू आहे. मुंबईच्या दिवे असलेल्या रस्त्यावर ते निळं चिन्ह दिसायलाच नको. हिरवं म्हणजे डिपर (लो बीम, जवळचा झोत) किंवा पार्किंग लाइट. फॉग लॅम्पची चिन्हं दोन असतात: पुढच्याचं हिरवं, मागच्याचं पिवळं.

आता खरी फसगत. हल्लीच्या गाड्यांत डॅशबोर्ड कायम उजळलेला असतो आणि पुढे डीआरएलच्या (दिवसा गाडी दिसावी म्हणून असलेल्या दिव्यांच्या) पट्ट्या आपोआप लागतात. रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात चालकाला वाटतं, लाइट चालू आहेत. पण बऱ्याच गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत. स्विच ‘ऑटो’वर ठेवणाऱ्यांनीही गाफील राहू नये. तो सेन्सर उजेड मोजतो, पाऊस मोजत नाही. जुलैतल्या दुपारी धो-धो कोसळत असताना समोरचं काही दिसत नसलं, तरी सेन्सरच्या हिशेबी तो दिवसच असतो. अशा वेळी स्विच हाताने फिरवून डिपर लावा.

मागचे दिवे

गाडी रिव्हर्समध्ये भिंतीपासून एक-दीड मीटरवर आणा, पार्किंग लाइट लावा आणि आरशात भिंतीवरचा लाल उजेड बघा. ब्रेक दाबल्यावर तो दोन्ही बाजूंना स्पष्ट वाढला पाहिजे. काचेवरचा तिसरा ब्रेकलाइट मात्र वॉचमनकाकांना मागे उभं करूनच तपासा. काय बंद आहे त्यावरून दोष कुठे आहे ते कळतं:

- एकच ब्रेकलाइट बंद: बल्ब गेलाय किंवा होल्डर गंजलाय. खाऱ्या हवेत होल्डरच्या पितळी पट्टीवर हिरवट थर चढतो. तो बारीक पॉलिश पेपरने घासून काढा.
- तिन्ही बंद: आधी फ्यूज, मग पेडलजवळचा ब्रेक स्विच. हाच स्विच अडकला की ब्रेकलाइट सतत चालू राहतो. तेही तितकंच घातक, कारण तुम्ही खरंच ब्रेक मारल्याचं मागच्याला कळत नाही.
- ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटतो: दिव्याचं अर्थिंग (करंट गाडीच्या बॉडीतून परत जाण्याची जोडणी) ढिलं आहे. बल्ब बदलून उपयोग नाही, अर्थिंगची वायर शोधा.
- इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिकतो: त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय, किंवा कोणीतरी साध्या बल्बच्या जागी एलईडी बसवलाय. मिनिटाला ६० ते १२० वेळा ही योग्य गती.

बऱ्याच गाड्यांत मागे २१/५ वॅटचा दोन फिलामेंटचा बल्ब असतो, ५ वॅट टेललाइटला आणि २१ ब्रेकला. त्याच्या दोन पिना वर-खाली असतात, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. घाईत दाबून उलटा बसवला तर टेललाइट झगझगीत होतो आणि ब्रेक दाबल्यावर जेमतेम फरक पडतो. दिवा ‘चालू’ असल्याने ही चूक महिनोन्‌महिने तशीच राहते.

हेडलाइटचं सेटिंग

वेळ द्यावा तो इथे. डोळ्यांवर येणाऱ्या सगळ्याच गाड्या काही अप्परवर नसतात. कितीतरी डिपरवरच असतात, फक्त त्यांचा झोत वर चढलेला असतो. बंपरला धक्का बसल्यावर, दिवा काढून बसवल्यावर किंवा बल्ब वाकडा बसल्यावर असं होतं.

जागा सपाट हवी, रॅम्प चालणार नाही. टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, डिकी रिकामी करा, चालकाच्या जागी कोणाला तरी बसवा आणि हेडलाइट लेव्हलिंगचा नॉब ० वर आणा.

गाडीचं नाक भिंतीला जवळजवळ टेकवा. प्रत्येक हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर आडवी टेप लावा. दिव्याच्या मध्यासमोर उभी टेप. आता गाडी सरळ मागे घ्या, दिव्यापासून भिंत बरोबर ५ मीटर होईपर्यंत. एका दिव्यावर फडकं टाका (मिनिटभरच, हॅलोजन तापतो) आणि दुसऱ्याचा डिपर बघा.

भिंतीवर उजेड आणि अंधार यांची स्पष्ट रेघ दिसेल. आपल्याकडे ती उजवीकडे सपाट आणि डावीकडे वर चढत गेलेली हवी, म्हणजे समोरच्याचे डोळे वाचतात आणि डाव्या कडेचा पादचारी दिसतो. सपाट रेघ आडव्या टेपच्या ५ सेंटिमीटर खाली असावी. दिव्याची उंची ६५ सेंटिमीटर असेल तर रेघ ६० वर. हा १ टक्क्याचा उतार झाला. काही गाड्यांत दिव्यावर १.२ किंवा १.३ टक्के छापलेलं असतं. तिथे तोच आकडा धरा, म्हणजे ६ किंवा ६.५ सेंटिमीटर. रेघ जिथे वर वळते तो कोपरा उभ्या टेपच्या आसपास यायला हवा.

बॉनेट उघडलं की दिव्यामागे दोन ॲडजस्टिंग स्क्रू सापडतात, एक वर-खाली करायला, दुसरा डावी-उजवीकडे. दुसऱ्याला गरज नसताना हात लावू नका. पहिला अर्धा-अर्धा फेरा फिरवत भिंतीकडे बघत राहा. स्क्रू फिरतोय पण रेघ हलत नाही, असं झालं तर आतला प्लास्टिकचा गिअर तुटलाय आणि काम गॅरेजचं आहे. भिंतीवरची ५ सेंटिमीटरची चूक ५० मीटरवर अर्धा मीटर होते. समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत पोचायला तेवढी पुरते.

लेव्हलिंगच्या नॉबला मात्र बहुतेक लोक कधी हातच लावत नाहीत. मागे तिघं आणि डिकीत सामान भरून लोणावळ्याला निघालात की गाडीचं नाक वर होतं आणि झोतही. नॉब २ किंवा ३ वर नेला की झोत खाली येतो. आकडा मोठा तितका झोत खाली.

उजेड कमी पडतो म्हणून लगेच मोठा बल्ब नको

आधी काच बघा. पॉलिकार्बोनेटची काच उन्हाने पिवळी पडते. कडेच्या रंगाला मास्किंग टेप लावून १०००, २००० आणि ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा, मग कंपाउंड मारा आणि शेवटी यूव्ही कोटिंग करा. कोटिंग टाळलंत तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी. टूथपेस्टचा उपाय काही आठवडेच टिकतो.

मग व्होल्टेज. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून बॅटरीवर आणि पेटलेल्या बल्बच्या कपलरवर (वायरच्या प्लगवर) मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वायर, रिले (दिव्याचा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) किंवा अर्थिंगचा. व्होल्टेज १० टक्के कमी झालं की हॅलोजनचा उजेड साधारण ३० टक्के घटतो. कित्येक जुन्या गाड्यांना फक्त रिले किट बसवून नवं आयुष्य मिळतं.

१००/९० वॅटचे (अप्पर/डिपर) बल्ब दुकानदार उत्साहाने दाखवतील. मूळ एच४ बल्ब (अप्पर-डिपर एकत्र असलेला) ६०/५५ वॅटचा असतो, डिपरवर जोडी मिळून ९ अँपिअरच्या आसपास करंट घेते. १०० वॅटची जोडी अप्परवर १६-१७ घेईल. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो.

हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बसवण्याचा मोह याहून मोठा. रिफ्लेक्टरचा आकार फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या चिप्स जराही पुढे-मागे किंवा वाकड्या बसल्या की ती रेघ पुसट होते आणि उजेड चहूकडे उडतो. चालकाला समोर पांढरंशुभ्र दिसतं म्हणून तो खूश, समोरचा आंधळा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ वॅटचा चांगला बल्ब घ्या, जोडीने बदला आणि काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलाने तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. मागचं रबरी टोपण परत नीट बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात आत पाणी.

रस्त्यावर

पावसात चालत्या गाडीचे हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावायची सवय मुंबईत फार बोकाळली आहे. हॅझर्ड चालू असताना बहुतेक गाड्यांत इंडिकेटर दिल्याचं मागच्याला कळत नाही, आणि गाडी उभी आहे की चालतेय हेही नाही. बंद पडून उभ्या गाडीसाठी तो आहे. कोस्टल रोडच्या बोगद्यातही डिपर पुरतो. मागचा फॉग धुक्यासाठी आहे, पावसाच्या ट्रॅफिकमध्ये तो ब्रेकलाइट झाकून टाकतो.

समोरून अप्पर आला तर उलट अप्पर मारू नका, आंधळे चालक दोन होतील. वेग कमी करून नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा. मागून येत असेल तर आतल्या आरशाखालची छोटी कळ ओढा.

दुसऱ्याचा दिवा गेलेला दिसला तर हायवेवर अप्पर-डिपर करून उपयोग नाही, त्याला वाटतं तुम्हाला पुढे जायचंय. सिग्नलला शेजारी आलात की काच खाली करून सांगा. नुसतं ‘लाइट बघा’ म्हटलं तर तो हेडलाइट चालू-बंद करून पुढे जाईल. ‘दादा, मागचा डावा ब्रेकलाइट गेलाय’ असं नेमकं सांगा.