शेक (रेडिएशन) आणि किमोच्या काळात सजगतेचा सराव कसा करावा

या घटकेला शरीरात आणि मनात जे चालले आहे, ते बदलण्याची धडपड न करता त्याकडे लक्ष देणे, एवढाच सजगतेचा सराव आहे. डॉ. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातून तो रुग्णालयांत पोहोचला. कर्करोगाच्या रुग्णांमधील चिंता आणि नैराश्य कमी करण्यासाठी उपचार चालू असताना व नंतरही तो द्यावा, अशी शिफारस अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीने 2023 साली केली. त्याने गाठ विरघळत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर शेकाची किंवा किमोची एकही तारीख चुकवू नये.

सुरुवात पाच मिनिटांनी करावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळचा गारवा असतानाच, खुर्चीत किंवा पलंगावर पाठीला उशी लावून बसावे. मांडी घालण्याचा अट्टहास नको. पुष्कळ ठिकाणी श्वासावरच लक्ष ठेवायला सांगतात, परंतु छातीत पाणी झालेल्या किंवा गळ्याला नळी असलेल्या माणसाची धास्ती त्याने उलट वाढते. अशांनी मांडीवर ठेवलेल्या तळहातांचा स्पर्श किंवा अंगणातले आवाज निवडावेत. मन कर्जाकडे, रिपोर्टकडे, लेकीच्या लग्नाकडे जाणारच. ते गेल्याचे ध्यानात आले की स्वतःला न रागावता परत यावे. नामस्मरणाची सवय असलेल्यांनी ती मोडू नये, मात्र जप किती झाला याचा हिशेब या पाच मिनिटांत नको.

खरा कस शेकाच्या टेबलावर लागतो. तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मराठवाड्यात पुष्कळ आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात असो वा मराठवाड्याशेजारच्या बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात, अशा रुग्णाचे डोके हलू नये म्हणून गरम पाण्यात मऊ करून त्याच्याच चेहऱ्यावर घडवलेला जाळीदार प्लास्टिकचा मास्क टेबलाला घट्ट बसवतात, आणि दार लावून सगळे बाहेर गेले की अनेकांचा जीव घाबरा होतो. मास्क घडवण्याच्या दिवशीच तंत्रज्ञांना विचारून घ्यावे की आतले त्यांना कॅमेऱ्यातून कसे दिसते आणि थांबवायचे असल्यास हात कसा वर करायचा. मशीन चालू असताना चेहऱ्याकडे लक्ष न देता टाचा टेबलावर कुठे टेकल्या आहेत, त्यांचे वजन कसे जाणवते, हे न हलता पाहावे. मशीनचा आवाज वाढला की तोही फक्त ऐकावा. घरी टेबलासारख्या कडक जागेवर उताणे पडून हे आधी करून पाहिले, तर पहिला दिवस पुष्कळ सोपा जातो.

किमोच्या दिवशी काहींना दवाखान्याच्या फाटकापाशी फिनेलचा वास आला तरी मळमळते. तेव्हा तळपाय जमिनीवर टेकलेले जाणवू द्यावेत, आणि उलटीची गोळीही वेळेवर घ्यावी. काही औषधांनी पायांना बधिरपणा येतो. अशा वेळी तळपायांऐवजी तळहातांच्या स्पर्शाकडे लक्ष द्यावे. शस्त्रक्रियेच्या जागेकडे लक्ष नेणे नकोसे वाटले, तर ती जागा खुशाल सोडून द्यावी.

घरच्यांनी ‘पॉझिटिव्ह राहा’ असा धोशा लावू नये, कारण मग रडू आले तरी रुग्णाला अपराधी वाटते. सोबतच्या माणसाने हीच पाच मिनिटे स्वतःसाठी काढलेली बरी.

किमो चालू असताना 100.4 अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर तो निरखत न बसता त्याच वेळी रुग्णालय गाठावे. वेदनाही डॉक्टरांना सांगावी, सोसण्याचा सराव करू नये. दहा दिवसांच्या मौन शिबिराला उपचार संपेपर्यंत थांबावे आणि नंतरही डॉक्टरांना विचारूनच जावे. सरावात भीती अनावर झाली, तर डोळे उघडून खोलीतल्या वस्तू पाहाव्यात व त्या दिवशी तिथेच थांबावे. तसे वारंवार होऊ लागल्यास शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलावे.