ताडोब्यात वन्यजीव पाहण्यासाठी योग्य वेळ कशी निवडावी

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाची सफारी ठरवताना बहुतेक जण आधी सुटी पाहतात, मग गेट निवडतात आणि ऋतूचा विचार शेवटी करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. कोणता प्राणी पाहायचा आहे हे प्रथम ठरवावे. महिना, फेरी आणि गेट त्यावरून ठरवणे सोपे जाते.

वाघ हेच मुख्य आकर्षण असेल, तर एप्रिल आणि मे हे महिने निवडावेत. सागाची पाने गळून जंगल विरळ झालेले असते, लहान नाले आटलेले असतात आणि पारा अनेकदा ४५ अंशांपर्यंत किंवा त्याहून वर चढत असल्याने वाघ उरलेल्या पाणवठ्यांजवळच राहतो, कित्येकदा पाण्यात बसूनही राहतो. अस्वलासाठी मोहाची फुले गळण्याचा काळ, म्हणजे साधारण मार्च-एप्रिल, लक्षात ठेवावा. पाणपक्ष्यांची आवड असणाऱ्यांनी हिवाळ्यात जावे. ऑक्टोबरमध्ये जंगल अतिशय देखणे असते. मात्र गवत उंच आणि पाणी सर्वत्र असल्यामुळे प्राणी सहज दिसत नाहीत. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असते आणि एरवीही दर मंगळवारी तेथे सफारी नसते.

त्यानंतर फेरी निवडावी. सकाळच्या फेरीत गेट उघडताच आत जाणे महत्त्वाचे आहे, कारण रात्रभर हिंडलेला वाघ ऊन चढण्यापूर्वी अनेकदा कच्च्या रस्त्यानेच परततो आणि धुळीत उमटलेले त्याचे ताजे ठसे इतर गाड्यांच्या चाकांखाली लवकरच पुसले जातात. दिवसा शिकार करणारी रानकुत्रीही याच वेळी दिसण्याची शक्यता अधिक असते. उन्हाळ्यातील दुपारची फेरी वेगळ्या रीतीने करावी: रस्त्यांवर धावण्याऐवजी एखादा चांगला पाणवठा धरून थांबावे. नवख्या पर्यटकांना थांबणे म्हणजे वेळ वाया घालवणे वाटते, पण मी तरी फिरण्यापेक्षा थांबण्यालाच अधिक महत्त्व देईन. सूर्य कलू लागला की चितळ, सांबर, रानगवे पाण्यावर येऊ लागतात.

थांबल्यावर इंजिन बंद ठेवून कान द्यावा. चितळाची तीक्ष्ण हाक किंवा वानराचे खेकसणे शिकारी प्राणी जवळ असल्याचे सुचवते, तरी चितळ क्षुल्लक कारणानेही दचकते. सांबराचे मोठ्याने आणि पुनःपुन्हा ओरडणे अधिक भरवशाचे मानले जाते. अशा हाकेचा अर्थ गाईडला चांगला कळतो, म्हणून तो थांबायला सांगेल तेव्हा पुढे चलण्याचा आग्रह धरू नये.

शक्य असल्यास एकाच गेटवरून सकाळची आणि लगेच दुपारची, अशा सलग दोन फेऱ्यांचे आरक्षण करावे, म्हणजे सकाळी मिळालेल्या खुणांचा उपयोग दुपारी होतो. गेटच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, त्यामुळे त्या आरक्षणाच्या वेळीच तपासाव्यात. दुपारच्या फेरीचा शेवटचा तास बहुधा सर्वांत चांगला असतो, पण ठरलेल्या वेळेत गेटबाहेर पडणे बंधनकारक आहे. म्हणून त्या तासासाठी गेटपासून फार दूर नसलेला पाणवठा निवडण्याविषयी गाईडशी आधीच बोलून घ्यावे, जेणेकरून परतताना चालकाला जंगलातून वेगाने गाडी हाकावी लागणार नाही.