डेमो बघून थीम घेऊ नका: कमी बजेटच्या वेबसाइटमध्ये या चुका टाळा

तारकर्लीतल्या चार खोल्यांच्या होमस्टेला, देवगडच्या आंबा बागायतदाराला किंवा वेंगुर्ल्याच्या काजूवाल्याला वेबसाइट हवी असते, पण कोऱ्या पानापासून डिझाइन करून घेण्याइतका पैसा हाताशी नसतो. अशा कामाला तयार रिस्पॉन्सिव्ह थीम, म्हणजे मोबाइलच्या पडद्यालाही जुळवून घेणारा वेबसाइटचा साचा, घेण्यात कमीपणा काहीच नाही. आमच्या मते तोच योग्य मार्ग आहे. काम बिघडतं ते थीम निवडायच्या पद्धतीमुळे. थीम डेमो, म्हणजे विक्रेत्याने सजवून ठेवलेली नमुना साइट, बघून घेतली जाते आणि मग गिऱ्हाइकाचा मजकूर त्यात कोंबला जातो.

डेमोतून फोटो वजा करा

हॉटेलच्या थीमचा डेमो उघडला की समोर पडदाभर आडवा समुद्र, त्यावर दोन-तीन इंग्रजी शब्द आणि एक बटण दिसतं. ती शोभा बहुतेक वेळा फोटोची असते आणि ते फोटो तुम्हाला मिळत नाहीत. बऱ्याच विक्रेत्यांकडे डेमोतली चित्रं फक्त दाखवण्यापुरती असतात. डेमो आपल्या साइटवर आयात केल्यावर त्या जागी धूसर चौकोन येतात, आणि चित्रं आली तरी ती वापरण्याचा परवाना तुमच्याकडे असेलच असं नाही. गिऱ्हाइकाकडे काय असतं? मोबाइलवर काढलेले दहा-बारा फोटो, त्यातले निम्मे उभे. पडवी, माडाची बाग, माशाचं ताट. नाव ‘श्री देव रामेश्वर कृपा निवास व न्याहारी’ एवढं लांब.

म्हणून आधी सामान गोळा करा: बारा फोटो, नाव, दरपत्रक, जेवणाची यादी, पोहोचण्याचा रस्ता, फोन. ते समोर ठेवून डेमो वरून खाली वाचत जा आणि प्रत्येक भागाला विचारा, इथे आपल्याकडचं काय बसेल? ‘आमची टीम’, ‘आमचे पुरस्कार’, ‘ताज्या बातम्या’ हे सगळं रिकामं राहणार असेल तर ती थीम या गिऱ्हाइकाची नाही, कितीही देखणी असली तरी.

डेमो तपासायचा तो मोबाइलवर. थीमच्या बाजारपेठेत डेमोभोवती त्यांची चौकट असते. ती काढून मूळ पत्ता उघडा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये रुंदी ३६० पिक्सेल ठेवा आणि पान आडवं सरकतं का पाहा. मग तोच पत्ता वेग मोजणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये घालून मोबाइलचा निकाल वाचा. मुख्य मजकूर दिसायला लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, २.५ सेकंदांच्या आत असला तर चांगला आणि ४ सेकंदांच्या वर गेला तर वाईट धरतात. विक्रेत्याच्या वेगवान सर्व्हरवरच डेमो ४ सेकंद ओलांडत असेल, तर तुमच्या स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइटनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर) तो सुधारणार नाही.

हा आकडा कोकणात अधिकच महत्त्वाचा आहे. खोली शोधणारा माणूस पुष्कळदा कोकण रेल्वेत बसलेला असतो. नुसता रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. दोन बोगद्यांमध्ये रेंज येते तेवढ्यात पान उघडायला हवं. फोन नंबर आणि गावाचं नाव स्लायडरच्या (फिरत्या चित्रपट्टीच्या) चित्रात न घालता साध्या मजकुरात, अगदी वर ठेवा. फिरतं स्लायडर आणि पार्श्वभूमीचा व्हिडिओ यांवर थीमची किंमत वाढते, पण लहान होमस्टेला त्यांचा उपयोग जवळपास शून्य.

मराठी मजकूर टाकून बघितला नाही, ही सगळ्यात महाग चूक

डेमो इंग्रजी, वेबसाइट मराठी. इथे इतकं काही तुटतं की थीम घेण्याआधीच याचा अंदाज घ्यावा लागतो.

पहिली गोष्ट फॉन्टची. लाटो किंवा मॉन्सेरातमध्ये देवनागरी नाही. मग मराठी मजकूर प्रत्येक फोनमधल्या पर्यायी फॉन्टमध्ये दिसतो आणि डेमोतलं रूप नाहीसं होतं. मुक्ता, हिंद, बालू २, पॉपिन्स, नोटो सान्स देवनागरी यांपैकी एक निवडा. थीमच्या सेटिंगमध्ये फॉन्ट बदलायची सोय फक्त शीर्षकांना आहे की मेन्यू आणि बटणांनाही, हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकात आधी वाचा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली रोमन फॉन्टपेक्षा जड असतात, म्हणून अक्षरांच्या जाडीची ४०० आणि ७०० ही दोनच वजनं घ्या.

दुसरी गोष्ट अक्षरांमधल्या अंतराची. शीर्षकं आणि बटणं ‘श्रीमंत’ दिसावीत म्हणून थीम अक्षरांत एक-दोन पिक्सेलचं अंतर घालते. रोमन लिपीत ते शोभतं, देवनागरीत शिरोरेखा तुकड्या-तुकड्यांत तुटते. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडात) लेटर-स्पेसिंग शून्य करा. ओळींची उंचीही बघा. इंग्रजी शीर्षकाला १.१ पुरते, पण मराठीत वरची वेलांटी आणि रफार, खालचा उकार कापला जातो. शीर्षकाला १.४ आणि मजकुराला १.७ ठेवा. स्लायडरच्या पेटीत जादा भाग लपवण्याची सूचना असेल, तर मात्रा हमखास छाटलेली दिसेल.

एकेक अक्षर उडत येणारी शीर्षकं असलेली थीम मराठीसाठी घेऊच नका. ती पद्धत शब्दाचे संगणकीय तुकडे करते. ‘स्वागत’मधला स, हलन्त, व आणि काना वेगवेगळे होतात आणि पडद्यावर ठिपक्यांची वर्तुळं येतात. शब्द-शब्दाने येणारी हालचाल चालते.

वर्डप्रेसमध्ये, म्हणजे या थीम ज्यावर चालतात त्या वेबसाइट बनवायच्या प्रणालीत, सेटिंग्जच्या जनरल पानावर साइटची भाषा मराठी करा. पानाला मराठीची भाषाखूण लागते आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. थीमचे स्वतःचे शब्द, ‘रीड मोअर’, ‘बुक नाऊ’ वगैरे, लोको ट्रान्सलेट प्लगइनने (प्लगइन म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) बदलता येतात. भाषांतर साठवताना जागा ‘कस्टम’ निवडा. थीमच्या फोल्डरात साठवलं तर पुढच्या अपडेटला ते पुसलं जाईल. विक्रेत्याला एवढंच विचारा: भाषांतराची पॉट फाइल (थीममधल्या शब्दांची यादी) सोबत आहे का? नसेल तर बटणं इंग्रजीच राहण्याची शक्यता असते.

पानाचा पत्ता मात्र रोमन लिपीत लिहा. वर्डप्रेस पत्त्याच्या शेवटच्या भागासाठी २०० चिन्हांची जागा ठेवतं आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण सांकेतिक रूपात ९ चिन्हं खातो. सुमारे २२ वर्णांनंतर पत्ता तुटतो, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते.

किंमत, परवाना आणि खातं

विकतच्या वर्डप्रेस थीम साधारण ३० ते ७० डॉलरच्या दरम्यान मिळतात. अंदाजपत्रकात निव्वळ ही रक्कम धरू नका. बाजारपेठेचं शुल्क, कर आणि कार्डावरचा परकीय चलनाचा अधिभार त्यात मिळवा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का, हेही आधी पाहा.

थीमफॉरेस्ट या थीमच्या बाजारपेठेवरच्या साध्या परवान्यात एक थीम एका वेबसाइटसाठी असते. मालवणच्या होमस्टेसाठी घेतलेली थीम गुहागरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला लावायची तर दुसरा परवाना घ्यावा लागतो. याच्या उलट चूकही होते: गिऱ्हाईक आंबे ‘विकतं’ म्हणून महागडा एक्स्टेंडेड परवाना घेतला जातो. त्याची गरज नाही. तो परवाना वेबसाइट वापरण्यासाठीच पैसे आकारले जात असतील तेव्हा लागतो. दुकानाला साधा पुरतो. मदत सहा महिन्यांची मिळते, अपडेट पुढेही मिळत राहतात.

खरेदी गिऱ्हाइकाच्या खात्यातून करा. परचेस कोड, म्हणजे खरेदीचा पुरावा असलेला क्रमांक, तुमच्या खात्यात अडकला आणि दोन वर्षांनी तुमचा संपर्क सुटला, तर अपडेट मागायला त्याच्याकडे काहीच नसतं.

खूप कमी बजेट असेल तर पैसे थीमवर घालवूच नका. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातल्या अ‍ॅस्ट्रा, केडन्स, जनरेटप्रेस, ब्लॉक्सी या थीम मोफत आहेत, जीपीएल या मुक्त परवान्यामुळे कितीही गिऱ्हाइकांना लावता येतात आणि वजनाला हलक्या आहेत. चार खोल्यांच्या होमस्टेसाठी आमची पहिली शिफारस हीच राहील. वाचलेले पैसे बऱ्या होस्टिंगवर आणि एका दिवसाच्या फोटोग्राफरवर खर्च करा.

‘फुकट प्रीमियम’ म्हणून मिळणाऱ्या नल्ड, म्हणजे परवाना तोडून वाटलेल्या, थीम घेऊ नका. डब्ल्यूपी-व्हीसीडी हा घातक कोड अशाच प्रतींतून पसरला. तो गुपचूप प्रशासक खातं उघडतो आणि त्याच होस्टिंगवरच्या इतर साइटमध्येही शिरतो. विकत घेतलेल्या थीममध्येही धोका असतो, पण तो वेगळा: सोबत आलेले प्लगइन. २०१४ मध्ये स्लायडर रिव्होल्यूशनमध्ये मोठं भगदाड सापडलं, तेव्हा अनेकांना आपल्या थीमबरोबर हे प्लगइन आलंय हेच ठाऊक नव्हतं. सोबतच्या प्लगइनचा अपडेट थीमकाराच्या हातात असतो. म्हणून थीमची शेवटची अपडेट तारीख आणि बदलांची नोंद वाचा. वर्षभर हात न लागलेली थीम सोडून द्या.

बसवताना अडलं तर

थीम चढवताना ‘स्टाइल डॉट सीएसएस सापडत नाही’ असा संदेश आला, तर बहुधा तुम्ही दस्तऐवजांसकट पूर्ण झिप चढवली आहे. ती उघडा, आतली थीमची झिप तेवढी चढवा. किंवा डाउनलोड करताना ‘इन्स्टॉलेबल वर्डप्रेस फाइल’ निवडा. आत तशी झिपच नसेल तर तुम्ही एचटीएमएल टेम्पलेट किंवा एलेमेंटॉर या पानं रचायच्या प्लगइनचं टेम्पलेट किट घेतलंय. ती वर्डप्रेस थीम नव्हे, आणि चुकून घेतलं म्हणून पैसे परत मिळतीलच असं नाही.

‘लिंकची मुदत संपली’ हा संदेश दिशाभूल करतो. लिंकला काही झालेलं नसतं, फाइल होस्टिंगच्या मर्यादेपेक्षा मोठी असते. सीपॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण पानावरच्या मल्टीपीएचपी आयएनआय एडिटरमध्ये अपलोड आणि पोस्टची मर्यादा ६४ एमबी करा. तिथेच मेमरी २५६ एमबी आणि चालण्याची मुदत ३०० सेकंद करून ठेवा. डेमो आयात अर्ध्यावर अडकते ती बहुतेक याच दोन कारणांनी. पुन्हा आयात करण्याआधी अर्धवट आलेली पानं आणि मेन्यू काढून टाका, नाहीतर सगळं दुप्पट होतं.

आयातीनंतर मुख्य पान दिसतं, पण बाकी पानांवर ‘४०४’ येतं? परमालिंकच्या (पानांच्या पत्त्यांच्या) सेटिंगमध्ये जाऊन काहीही न बदलता सेव्ह करा. मोबाइलवर मेन्यू उघडत नसेल तर आधी कॅश प्लगइनमधलं (साइटचा वेग वाढवणाऱ्या प्लगइनमधलं) जावास्क्रिप्ट एकत्र करणं आणि उशिरा चालवणं बंद करून बघा. पान आडवं सरकत असेल तर संशय दोघांवर: दरपत्रकाचा तक्ता आणि गूगल नकाशा. नकाशाच्या कोडात रुंदी ६०० लिहून येते. ती १०० टक्के करा.

पांढरा पडदा आला तर पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची, आवृत्ती तपासा. जुन्या थीममधली काही फंक्शन्स पीएचपी ८ मध्ये काढून टाकलेली आहेत. पीएचपी ७.४ वर परत जाणं हा उपाय नाही, तिची सुरक्षा मुदत नोव्हेंबर २०२२ मध्येच संपली. फाइल मॅनेजरमधून थीमच्या फोल्डराचं नाव बदला, मग प्रशासक पान उघडेल आणि वर्डप्रेसची मूळ थीम लावता येईल. त्यासाठी एक मूळ थीम कायम ठेवलेली असावी.

मोबाइलचा चार एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी १६०० पिक्सेल, वेबपी स्वरूप, वजन २०० केबीच्या आत. सगळ्यात वरच्या चित्राला लेझी लोडिंग (चित्र उशिरा उतरवण्याची सोय) नको, त्याने एलसीपी बिघडतो.

डेमोतलं उरलेलं

साइट चालू करण्याआधी ज्या गोष्टी हमखास राहून जातात त्यांत डॉलरचं चिन्ह, परदेशी पत्ता आणि खोट्या माणसांचे अभिप्राय असतात. आंब्याच्या दुकानात त्याहून गंभीर म्हणजे ‘सर्टिफाइड ऑरगॅनिक’चे शिक्के. बागायतदाराकडे प्रमाणपत्र नसेल तर ते काढाच. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तो शिक्का नोंदणीकृत उत्पादकानेच लावायचा; चित्र छान दिसतं म्हणून दुसऱ्याच्या साइटवरून उचलू नका. पेटी चार डझनाची, पाच डझनाची, सहा डझनाची असेल तर वूकॉमर्स या दुकानाच्या प्लगइनमध्ये ‘व्हेरिएबल प्रॉडक्ट’ करा आणि थीमच्या यादीपानावर ‘पासून’ किंमत नीट दिसते का पाहा. व्हॉट्सअ‍ॅपच्या दुव्यात नंबर ९१ पासून सुरू करा. अधिकचं चिन्ह, नंबराआधीचं शून्य किंवा मोकळी जागा चालत नाही.

रंग, फॉन्ट किंवा कोडासाठी थीमच्या फाइलींत करायचे बदल चाइल्ड थीममध्येच (मूळ थीमवर आधारलेल्या, फक्त आपल्या बदलांच्या वेगळ्या थीममध्ये) करा, नाहीतर पहिल्याच अपडेटला जातील. आणि अपडेटची वेळ ठरवून घ्या. आंब्याच्या साइटला मार्च ते मे हात लावू नका. होमस्टेला दिवाळी, नाताळ आणि मे महिना टाळा. जून-जुलैत समुद्रावरचे खेळ बंद असतात, पर्यटक कमी असतात. तेव्हा पूर्ण बॅकअप घ्या, आधी चाचणीच्या प्रतीवर अपडेट चालवा, मग खऱ्या साइटवर. वीज जायची शक्यता असते, म्हणून लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या आणि अपडेट चालू असताना ब्राउझरची खिडकी बंद करू नका.