जुनं पेंटबॉल सामान ‘गुंतवणूक’ म्हणून घेताय? या चुका टाळा

गेल्या आगोटीला चिपळूणहून आतेभावाचा फोन आला. तिकडचं एक रिसॉर्ट बंद होतंय, पेंटबॉलचे (रंगाच्या गोळ्या झाडून एकमेकांना बाद करायचा खेळ) १४ मार्कर, म्हणजे त्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुका, मास्क, हवेचे सिलिंडर असा अख्खा लॉट ७० हजारांत देतायत. "दादा, अमेरिकेत जुन्या मार्करला काय भाव येतो बघितलंस? दहा वर्षं ठेवू नि मग काढू."

मी दापोलीजवळ चार सीझन पेंटबॉलचं मैदान चालवलंय. ते बंद केल्यावर हौसेने जुने मार्कर जमवले. दोन्हींत पैसे घालवून बसलोय, त्यामुळे पहिला प्रश्न तोंडावर आलाच, "ठेवणार कुठे?"

"माळ्यावर."

म्हटलं, मग लॉटचा भाव नंतर बोलू.

जुनं ते दुर्मिळ, असं समजणं

हा खेळच मुळात तरुण आहे. नेलस्पॉट ००७ हे पिस्तूल अमेरिकेत झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करण्यासाठी निघालं. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकरच्या जंगलात १२ जण तेच घेऊन एकमेकांच्या मागे लागले आणि पेंटबॉल सुरू झाला. गंमत म्हणजे तो पहिला डाव जिंकणाऱ्याने एकही गोळी झाडली नव्हती. संग्राहक पैसे मोजतात ते या सुरुवातीच्या काळातल्या वस्तूंना आणि नंतरच्या काही मोजक्या नावांना: ऑटोकॉकर, ऑटोमॅग, इलेक्ट्रॉनिक मार्करच्या पहिल्या पिढीतला एंजल. तेही सरसकट नाही. थोड्याच संख्येने निघालेला रंग हवा, ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर चढवलेला रंगीत संरक्षक थर) कारखान्यातलंच हवं, बॅरल, म्हणजे पुढची नळी, मूळची हवी. खोका आणि माहितीपुस्तिका असेल तर दुधात साखर.

आपल्याकडे रिसॉर्टवर सापडतं ते बहुधा टिपमन ९८ किंवा त्याच्या जातकुळीतलं. १९९८ सालचं हे मॉडेल इतकं दणकट की भाड्याच्या मैदानांवर जगभर खपलं, आणि ढिगाने खपलं म्हणूनच संग्रहात त्याला कोणी विचारत नाही. एसटीचा लाल डबा जुना झाला म्हणून त्याची विंटेज गाडी होत नाही.

आणखी एक: आतेभावाने मोबाइलवर बघितलेला आकडा हा विकणाऱ्याने मागितलेला होता. विक्री झालेल्या वस्तूंचे भाव वेगळे बघायचे असतात. मागायला काय, मीही माझ्या फुटक्या हॉपरचे (मार्करवर बसणारा गोळ्यांचा डबा) दहा हजार मागू शकतो.

माळा, हार्ड केस आणि खारी हवा

खरं नुकसान इथे होतं. आमच्या पट्ट्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, जांभ्याची भिंत ओल धरते, आणि उरलेले महिने खारे वारे आहेतच. बहुतेक मार्करची बॉडी ॲल्युमिनियमची. त्याला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. पण ॲनोडायझिंगवर बारीकसा ओरखडा असला की मीठ तिथून आत शिरतं, पांढरी भुकटी दिसायला लागते आणि ती पुसली की खाली सुईने टोचल्यासारखे खड्डे निघतात. पहिला बळी जातो तो स्टीलचा स्क्रू जिथे ॲल्युमिनियममध्ये बसलाय ती जागा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे तिथे छोटीशी बॅटरीच चालू झाली. माझ्याकडच्या ऑटोमॅगची मुख्य बॉडी स्टेनलेस स्टीलची आहे, ती अजून धडधाकट. तिच्याच शेजारी ठेवलेल्या ऑटोकॉकरवर देवी आल्यासारखे व्रण आहेत.

त्याला मी हौसेने फोमची हार्ड केस घेतली होती, हा आणखी शहाणपणा. फोम ओल धरून ठेवतो, काही वर्षांनी भुगा होऊन चिकटतो आणि निघता निघत नाही. आता मार्कर सुती कपड्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात असतात, तळाशी सिलिका जेल. दाण्यांचा रंग बदलला की ते वाळवायचे, आणि त्यासाठी स्वयंपाकातून कायमची बाद केलेली कढई ठेवायची. इलेक्ट्रॉनिक मार्करमधली ९ व्होल्टची बॅटरी काढलीच पाहिजे. ती आत पाझरली तर सर्किट बोर्ड गेला. आणि डबा माळ्यावर ठेवायचा नाही, रोज उघडतो त्या कपाटात ठेवायचा. डोळ्यांसमोर असलं की हात फिरतो.

रंगाच्या गोळ्या तर साठवूच नका. त्यांचं कवच जिलेटिनचं असतं. आपल्याकडच्या दमट हवेत ते फुगतं, गोळी वाकडी होते आणि बॅरलमध्येच फुटते. ‘न उघडलेला जुना खोका’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर हसून पुढे जा.

घासूनपुसून ‘नवं’ करणं

गणपतीआधीची साफसफाई चालू होती. आईने देव्हाऱ्यातली तांब्यापितळेची भांडी ओटीवर काढली होती, त्यांच्याशेजारी माझा जांभळा ऑटोकॉकर खोलून ठेवलेला. मी बाजारातून परत येईपर्यंत तिने राख आणि नारळाची शेंडी घेऊन तोही घासला होता. "किती रे कळकट झालेलं, बघ आता कसं चकचकीत दिसतंय." पितळेची बॅरल खरंच झळकत होती. बॉडीच्या कडांवरचा जांभळा रंग मात्र उडून खालचं पांढरं ॲल्युमिनियम उघडं पडलं होतं. राख खरखरीत तर असतेच, शिवाय क्षारयुक्त. ॲनोडायझिंगला दोन्ही चालत नाही. आईला काय बोलणार! उघड्यावर ठेवलं मी.

संग्राहक मूळचा फिकट रंग पत्करेल, पण नव्याने चढवलेला किंवा घासलेला नको म्हणेल. मऊ कपडा, कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि मग पूर्ण सुकवणं, एवढंच करा.

हवा गळतेय म्हणून मार्कर मेला, असं ठरवणं

विकणाराही असंच समजतो, म्हणून गळका मार्कर स्वस्तात मिळतो. बहुतेक वेळा दोष ओ-रिंगचा, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीचा. सिलिंडर जोडला की साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. सिलिंडरच्या तोंडाशी बुडबुडे आले तर तिथली ओ-रिंग बदला, काम संपलं. बॅरलमधून सतत फुसफुस येत असेल तर आतल्या व्हॉल्व्हचं सील झिजलंय. ऑटोकॉकरच्या पुढच्या नळ्यांकडून गळत असेल तर हात घालण्याआधी फोटो काढून ठेवा, कारण त्याचं टायमिंग (आतल्या भागांच्या हालचालींचा मेळ) एकदा बिघडलं की पुन्हा जुळवताना नाकी नऊ येतात. गंज सोडवणारा स्प्रे आत मारू नका, रबर फुगतं. खोलण्याआधी सिलिंडर काढायचा आणि उरलेली हवा सोडायची, हे सांगायला नको, पण सांगतो.

सिलिंडर आणि मास्कला किंमत देणं

लॉटचा भाव फुगतो तो या दोन गोष्टींनी, आणि जुन्या झाल्यावर दोन्ही शून्य. हाय प्रेशरचा सिलिंडर ठरावीक मुदतीने, साधारण दर ५ वर्षांनी, पाण्याच्या दाबाखाली तपासून घ्यावा लागतो. कार्बन फायबर गुंडाळलेल्याचं आयुष्यच बहुधा १५ वर्षांचं. तारीख मानेशी किंवा लेबलवर असते. ती उलटली असेल तर तारकर्लीला कुणा ओळखीच्या स्कूबावाल्याच्या कॉम्प्रेसरवर ‘बघू तरी भरून’ म्हणून जाऊ नका. जुन्या मास्कची लेन्स वरून स्वच्छ दिसली तरी प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असू शकतं. फळीवर शोभेला ठेवा. पोराच्या डोळ्यांवर चढवू नका.

फक्त खरेदीचा आकडा धरणं

समजा २० हजारांना एक चांगला मार्कर घेतलात. तेच पैसे ७ टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर दहा वर्षांत ३९ हजारांच्या आसपास झाले असते, तेही कपडा न फिरवता. मार्करला तेवढं यायला हवं, वर ओ-रिंग, सुटे भाग आणि घेणारा शोधण्याची यातायात. सुट्या भागांचंही काही खरं नाही. स्मार्ट पार्ट्ससारखी मार्कर बनवणारी बडी कंपनी २०१० मध्ये बंद पडली. मोठा बाजार अमेरिकेत, म्हणजे पाठवणीचा खर्च आला. तिकडून मागवायचा तर कस्टम्सचा आणि शस्त्रनियमांचा प्रश्न आधीच लेखी विचारून घ्या, बंदुकीसारखी दिसणारी वस्तू अडकली की पैसेही अडकले. माझ्या नऊ मार्करपैकी नफ्यात गेला तो एक. तो मी एका खेळाडूकडून खोक्यासकट घेतला होता आणि वर्षाच्या आत, पावसाळा लागायच्या आधी विकला.

आतेभावाने लॉट सोडला. सिलिंडरच्या तारखा बघितल्या तर सगळ्या उलटून गेलेल्या. दोन बरे मार्कर तेवढे त्याने सुटे घेतले, तीन हजारांत, पोरांना आणि त्याला खेळायला. नवा सिलिंडर जोडला तर त्यातला एक तोंडाशी गळतोय म्हणे. रविवारी ओ-रिंगची पुडी घेऊन जायचंय.