कव्हर साँग टाकताय? आधी गाणं कुणाचं ते बघा

दिवाळी पहाट झाली की आमच्या ठाण्यात पुढचे आठ-दहा दिवस व्हॉट्सॅपवर नुसत्या कव्हर गाण्यांच्या, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण पुन्हा गाऊन केलेल्या रेकॉर्डिंगच्या, लिंका फिरत असतात, आणि ऐकायला छान वाटतं खरंच. पण आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंनी घोडबंदर रोडच्या स्टुडिओत जाऊन एक जुनं भावगीत रेकॉर्ड केलं, तळावपाळीला पहाटे शूटिंग केलं, यूट्यूबवर अपलोड केलं आणि तासाभरात क्लेम आला, म्हणजे गाण्याच्या मालकाचा हक्काचा दावा. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या, म्हणे गाणं तर मीच गायलंय, मग चोरी कसली? त्यांचा आवाज त्यांचाच होता हो, पण मागचा ट्रॅक नेटवरून उतरवलेला होता आणि परवानगी कशाचीच नव्हती. तेव्हापासून मी हे सगळं नीट वाचून काढलं, ते सांगतो.

एका गाण्यात हक्काच्या तीन वस्तू असतात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. तुम्ही नवीन म्युझिक वाजवून गायलात तर रेकॉर्डिंग तुमचं, पण शब्द आणि चाल दुसऱ्याचीच राहते. आणि तयार कराओके ट्रॅक वापरलात तर तो ट्रॅक बनवणाऱ्याचीही परवानगी लागते, तो विकत घेतला असला तरी, कारण बहुतेक वेळा तो फक्त घरी गाण्यापुरता विकलेला असतो.

आता गाणं जुनं आहे म्हणून फुकट, असं धरून चालू नका. आपल्याकडे गीतकार आणि संगीतकाराचा हक्क ते गेल्यानंतर ६० वर्षं राहतो. तुकोबांचा अभंग घ्या, शब्द सगळ्यांचे आहेत, पण तोच अभंग श्रीनिवास खळ्यांच्या चालीत गायचा असेल तर खळेकाका २०११ साली गेले, म्हणजे चालीवरचा हक्क २०७१ संपेपर्यंत आहे. आपल्या ठाण्याचे पी. सावळाराम १९९७ साली गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०५७ अखेरपर्यंत. अभंगाला स्वतःची चाल लावलीत तर मात्र कुणालाच विचारायला नको, आणि मला तर वाटतं जास्त लोकांनी हेच करावं.

कायद्यात कव्हरसाठी वेगळी सोय आहे, कॉपीराइट कायदा १९५७ मधलं कलम ३१ सी, २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं. त्यात मालकाने नाही म्हटलं तरी कव्हर करता येतं, पण अटी वाचा. मूळ गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं जायला हवीत, म्हणजे २०२१ चं गाणं १ जानेवारी २०२७ पासून. आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, शब्द किंवा चाल आपल्या मनाने बदलायची नाही, मूळ गायकाचं नाव किंवा फोटो लावायचा नाही आणि हे कव्हर आहे असं स्पष्ट लिहायचं. आणि सगळ्यात जड अट म्हणजे वर्षाला कमीत कमी ५०,००० कॉप्यांची रॉयल्टी. हौशी गायकाला हे कसं परवडणार? त्यामुळे माझं स्पष्ट मत, हा रस्ता कंपन्यांसाठी आहे, आपण सरळ विचारून परवानगी घ्यावी.

विचारायचं कसं? मूळ गाण्याच्या अधिकृत व्हिडिओखाली म्युझिक कंपनीचं नाव असतं, त्यांच्या साइटवर लायसन्सिंगचा ईमेल शोधा. मेलमध्ये गाण्याचं नाव, सिनेमा किंवा अल्बम, गीतकार, संगीतकार, तुमचं कव्हर किती मिनिटांचं, कुठे टाकणार, त्यातून पैसे कमावणार का, हे सगळं लिहा. आणि फक्त ऑडिओ की व्हिडिओ, हे आवर्जून लिहा, कारण चित्राबरोबर गाणं जोडायची परवानगी वेगळी असते, तिला सिंक म्हणतात, आणि वरच्या ३१ सी मध्येही ती येत नाही. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीचं गाणं असेल तर गणपतीतच मेल टाका. फोनवर कुणी "चालेल हो" म्हटलं तरी लेखी घ्या.

यूट्यूबवर क्लेम आणि स्ट्राइक यात गल्लत करू नका. क्लेम आला तर बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे मालकाला जातात, कधी ब्लॉकही होतो. स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओच काढला जाणं, हा मात्र गंभीर, ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल जाऊ शकतो. खाली "नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड" लिहून काहीही फरक पडत नाही, कृपया ते लिहिणं सोडा आणि त्या जागी गीतकार-संगीतकाराचं नाव लिहा. नाव लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, पण त्यांचं नाव न घेता त्यांचं गाणं गाणं मला तरी बघवत नाही.

स्पॉटिफायवर टाकताना डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपलं गाणं तिथे पोचवणारी कंपनी, विचारतो की हे कव्हर आहे का, तिथे खरं तेच सांगा. ते जे कव्हर लायसन्स विकतात ते बहुतेक अमेरिकेतल्या कायद्यापुरतं असतं, भारताचं त्यात आलं असं समजू नका.

स्टेजवर गायचं असेल तर वेगळा हिशोब. तिकीट लावून ठाण्याच्या गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात कार्यक्रम करताय तर आयपीआरएसचं लायसन्स काढा, ही गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ पासून आहे आणि पैसे त्यांच्यापर्यंत जातात. सोसायटीच्या गणपतीत हौशी मंडळाने बिनतिकीट, स्वतः वाजवून-गाऊन केलेल्या कार्यक्रमाला कायद्यात सूट आहे. पण तोच कार्यक्रम फेसबुक लाइव्ह केलात की ती सूट तुमच्या मांडवापुरतीच राहते, त्यामुळे मोबाइल स्टँडला लावण्याआधी कोणती गाणी होणार आहेत ती यादी एकदा बघून घ्या.