पेटीवर (हार्मोनियमवर) मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही, मग तिचा भास कसा आणायचा?

पेटीत प्रत्येक पट्टीची रीड (आवाज देणारी धातूची पातळ जीभ) ठरलेली, त्यामुळे दोन सुरांच्या मधली जागा तिथे नाहीच, १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली त्यामागे हीच तक्रार होती. पण साथ करताना भास नक्की आणता येतो.

भूप राग घ्या. गायक पंचमावरून गंधारावर घसरत येतो ना, तिथे प सोडून मग ग दाबलात तर मध्ये खड्डा पडतो. प दाबलेलाच ठेवा, ग लावा, क्षणभर दोन्ही वाजू देत आणि मग प चं बोट हळूच उचला, त्याच वेळी भात्याचा जोर जरासा कमी करा. मधल्या म ला चुकूनही हात लावू नका, भूपात तो वर्ज्य आहे (आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं!).

भाता प्रत्येक सुराला हलवायचा नाही, नवीन लोक हमखास तेच करतात आणि मग सूर धापा टाकतात. एकसारखा दाब ठेवायचा, हवा भरायची ती गायक श्वास घेतो तेव्हा.

नाट्यपदातल्या तुटक जागांना मात्र उलटं, बोट गरम तव्याला लागल्यासारखं पटकन उचला, भाता तसाच भरलेला. आधी विलंबितात (संथ लयीत) करा, तानांच्या (जलद स्वरमालिकांच्या) मागे नंतर लागा.