काउंटरवेटच्या पाईपला मोटर जोडताना

नाटकाच्या स्टेजवर पडदे, लाईट, नेपथ्य ज्या पाईपला टांगतात, तो दोराच्या दुसऱ्या टोकाच्या पिंजऱ्यातल्या वजनांनी तोललेला असतो (हेच काउंटरवेट) आणि हातदोरानं वर-खाली होतो. दोर हातात असला की पाईप कुठे अडकला ते तळहाताला कळतं. शेजारच्या झालरीत लाईटचा क्लॅम्प गुंतला की दोर जड होतो आणि आपण आपसूक थांबतो. मोटरला यातलं काही कळत नाही, ती ओढतच राहते. सांगली-मिरजेत पडदे आणि नेपथ्य वर-खाली करण्यात माझी वीस वर्षं गेली. मोटर बसवायची म्हणणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो. म्हणून लोडसेल, म्हणजे भार मोजणारा सेन्सर, हवाच. भार ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला किंवा अचानक कमी झाला की मोटर बंद पडली पाहिजे.

वाटा दोन. वजनांचा पिंजरा ठेवून हातदोराच्या जागी मोटर लावली, तर तिला पाईप आणि पिंजरा या दोन बाजूंच्या वजनातला फरकच ओढावा लागतो. 100 किलोचा फरक सेकंदाला 20 सेंटिमीटर वेगानं उचलायला साधारण 200 वॅट पुरतात. वजनं काढून 400 किलोचा सगळा भार विंचवर, म्हणजे मोटरनं वायररोप ड्रमवर गुंडाळणाऱ्या यंत्रावर, टाकला, तर 800 वॅट, गिअरमधली घट वेगळी. शिवाय खाली बसवलेला विंच तेवढ्याच जोरानं जमिनीतून वर उपटला जातो. जुन्या इमारतीत मी पहिली वाट धरतो. कुठलीही धरा, छताजवळचे चॅनल आणि बोल्ट स्ट्रक्चरल इंजिनिअरनं तपासून लेखी दिल्याशिवाय एकही भोक पाडू नका.

पिंजरा ठेवला तरी सगळ्यात वाईट क्षणाचा हिशेब करा: पिंजरा भरलेला आणि पाईप रिकामा. ब्रेक तोही भार पेलणारा हवा. ब्रेक दोन लावा, प्रत्येकानं एकट्यानं पूर्ण भार धरला पाहिजे. वर्म गिअर (मळसूत्री गिअर) भार आपोआप धरतो यावर विसंबू नका, हादऱ्यानं तो सरकतो. आणि क्रम जुनाच: आधी पाईपला सामान, मग पिंजऱ्यात वजनं, उतरवताना आधी वजनं काढायची.

आता फेजचं. एका हॉलमध्ये विजेच्या लाईनचं काम झालं आणि तीन फेजपैकी दोन उलटे जोडले गेले, म्हणजे मोटर उलटी फिरणार. मी 'वर'चं बटण दाबलं, पाईप खाली येऊ लागला. खालचा लिमिट स्विच (टोकाला पोचलं की मोटर थांबवणारा) 'खाली'च्या सर्किटमध्ये होता, त्यामुळे त्यानं काहीच तोडलं नाही. पाईप स्टेजवर टेकला, ड्रमवरचे वेढे ढिले होऊन एकमेकांवर चढले. पाईप रिकामा होता आणि खाली कुणी नव्हतं. त्या दिवसापासून फेज सिक्वेन्स रिलेशिवाय (फेजचा क्रम उलटला की मोटर चालू न देणारा) मी पॅनेल घेत नाही. त्याखेरीज दोन्ही टोकांना, दिशा कुठलीही असो, थेट मेन सप्लाय तोडणारा वेगळा लिमिट स्विच आणि वायररोप ढिली पडली की थांबवणारा स्विच. पॅनेल उंचावर लावा. 2019 चा कृष्णेचा पूर पाहिलेल्यांना कारण सांगायला नको.

चेन होइस्ट (साखळीनं भार उचलणारं यंत्र) काउंटरवेटच्या पाईपला टांगून सेट उचलू नका. सेट जमिनीवरून सुटला की पाईप एकदम जड होतो, आणि दोराचं लॉक तोललेला पाईप जागेवर ठेवण्यापुरतंच असतं.

चाचणी सव्वापट भारानं घ्या. अर्ध्यावर मेन बंद करून ब्रेक पाहा. बटण दाबून धरलं तरच चालणारं हवं, आणि ते दाबणाऱ्याला पाईप दिसला पाहिजे. वर माणूस कामाला चढला की मेन स्विचला कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात.